आधी खेळ, मग गोंद: कागदाचं अमूर्त कोलाज कसं करावं

कोलाज फसतं ते बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत. टेबलावर कोरा कागद असतो, शेजारी कात्री, आणि गोंदाची बाटली उघडीच. पहिला आवडलेला तुकडा कापला जातो आणि लगेच मधोमध चिकटतो. मग दुसरा त्याच्या शेजारी, तिसरा त्याच्याही शेजारी. अर्ध्या तासाने पान भरलेलं असतं, पण त्यात हलवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी अनेकांना असं करताना पाहिलं आहे. हाताला सवय नव्हती अशी त्यांची अडचण नव्हती. त्यांनी क्रम उलटा धरला होता.

या लेखात सगळा भर त्या क्रमावर आहे. अमूर्त कोलाजमध्ये घर, झाड, चेहरा असं ओळखू येणारं काही दाखवायचं नसतं. आकार, रंग, पोत आणि रिकामी जागा एवढ्यावर काम चालतं. त्यामुळे समोर नमुना नसतो आणि 'बरोबर आलं का' हे कशाशी ताडून पाहता येत नाही. तुकडे सरकवत राहणं हीच पाहण्याची रीत. ती जितकी लांबवाल तितकं चित्र चांगलं होतं, म्हणून गोंद इथे आठव्या टप्प्यावर येतो.

पहिल्या वेळी सलग दोन-अडीच तास मोकळे ठेवा. वाळायला लागणारा वेळ वेगळा.

## टप्पा १ : कागद जमवा आणि चार गठ्ठे करा

चाळीस-पन्नास पानं पुरतात. त्याहून जास्त घेतलीत तर निवडण्यातच दमाल. जुनी मासिकं, वर्तमानपत्रं, पाकिटं, पार्सलचा तपकिरी कागद, आलेखाची वही, जुने नकाशे, ट्रेसिंग पेपर, टिश्यू, बिघडलेली रेखाटनं, काहीही चालतं. मात्र जमवलेला कागद तसाच ढिगात ठेवू नका. त्याचे चार गठ्ठे करा:

- शांत कागद : एकरंगी, साधे, रिकामे
- गजबजलेले कागद : मजकूर, नक्षी, छायाचित्रं
- पोताचे कागद : खरखरीत, हातकागद, पन्हळी पुठ्ठा, चुरगळून पुन्हा उलगडलेला कागद
- अर्धपारदर्शक कागद : ट्रेसिंग, टिश्यू, बटर पेपर

नव्याने करणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. त्यांच्याकडचे जवळजवळ सगळे कागद गजबजलेले असतात, कारण मासिक चाळताना नजर छायाचित्रांवरच थांबते. तीन गजबजलेले तुकडे शेजारी आले की एकही दिसत नाही. शांत कागदांचा गठ्ठा निदान निम्मा हवा. कमी पडला तर स्वतः रंगवा. साध्या कागदावर पोस्टर रंगाचा किंवा ॲक्रिलिकचा एकच पातळ थर द्या, ब्रशचे फटकारे दिसू द्या आणि पूर्ण वाळवा. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस कागदाच्या कामासाठी हेच करत असे. सहायकांकडून कागदांवर गॉश (अपारदर्शक जलरंग) लावून घ्यायचा आणि आधी पेन्सिलीने न रेखता त्यात थेट कात्री घालायचा. घरी रंगवलेल्या कागदाचा आणखी एक फायदा असा की त्याची छटा तुमच्या हातात राहते.

छायाचित्र असलेली पानं वापरायची असतील तर त्यातली ओळख मोडावी लागते. डोळे, चेहरा, बोटं आणि वाचता येणारं अक्षर या गोष्टी पानावर कितीही लहान असल्या तरी नजर तिथेच खिळते. एका पुठ्ठ्यात ४ सेंमी × ४ सेंमीची खिडकी कापा आणि ती छायाचित्रावर फिरवा. 'हे काय आहे' ते सांगता येणार नाही अशा जागी थांबा आणि तेवढाच भाग घ्या. कापडाची चुणी, आकाशाचा कोपरा, भिंतीवरची सावली असं बरंच सापडतं.

मजकुराचं पान असेल तर ते उलटं करा, म्हणजे वाचणं थांबतं. देवनागरी मजकुरात एक खास सोय आहे. ओळी आडव्या, अगदी अरुंद पट्ट्यांत कापल्या, म्हणजे फक्त शिरोरेषा आणि तिच्याखालचा थोडासा भाग ठेवला, की अक्षरं नाहीशी होतात आणि मधेमधे तुटलेली एक काळी रेघ उरते. अशा आठ-दहा पट्ट्यांचा पोत विकतच्या कुठल्याही नक्षीदार कागदात मिळत नाही.

> इशारा. छापील पावत्यांचा थर्मल कागद वापरू नका. त्यावरची छपाई उडते आणि उष्णतेने कागद काळवंडतो. इंकजेट प्रिंटरवर छापलेली पानं आणि गडद टिश्यू ओल्या गोंदाने रंग सोडतात. वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, उजेडाने पिवळं पडतं. तो पिवळेपणा चित्रात चालणार असेल तरच तो घ्या.

तपासा : शंका असलेल्या प्रत्येक कागदाचा बोटभर तुकडा टाकाऊ पांढऱ्या कागदावर चिकटवा. वरून ओल्या पांढऱ्या चिंधीने एकदा पुसा. चिंधीला रंग लागला तर तो कागद फक्त कोरड्या ग्लू स्टिकने लावायचा, किंवा सोडून द्यायचा.

## टप्पा २ : कागदाची धाव ओळखा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे दोन ठिकाणी अडतात. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला कागदाची धाव म्हणू.

ती ओळखायला कागद न मोडता अलगद वाकवून पाहा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला समांतर धाव असते. खात्री हवी असेल तर दोन्ही दिशांनी फाडून पाहा. धावेच्या दिशेने फाडलेली कड बऱ्यापैकी सरळ जाते, आडवी फाडली की भरकटते.

सरळ, शांत कड हवी तर धावेच्या बाजूने फाडा. खडबडीत, डोंगररांगेसारखी हवी तर आडवी फाडा. दुसरा उपयोग चिकटवताना होतो. ओला झालेला कागद धावेच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना तेवढाच आक्रसतो. म्हणून मोठ्या तुकड्याची धाव पायाच्या, म्हणजे ज्यावर तुकडे चिकटवायचे त्या कागदाच्या धावेला समांतर ठेवली की कोलाज कमी वाकतं. बोटाएवढ्या तुकड्यांसाठी एवढा विचार करायची गरज नाही.

## टप्पा ३ : पाया लहान आणि जाड घ्या

पहिली चार-पाच कोलाजं १५ सेंमी × १५ सेंमी किंवा ए५ आकाराच्या पायावर करा. मोठ्या पानावर सुरुवात केली की पान भरायचं दडपण येतं आणि माणूस तुकडे रचायचं सोडून जागा बुजवायला लागतो.

पाया २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ड्रॉइंग पेपर किंवा पक्का राखाडी पुठ्ठा असावा. छपाईचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर ओला गोंद पडला की तो पन्हळीसारखा वर-खाली होतो आणि नंतर काहीही करून सपाट होत नाही. पाया पांढराच हवा असंही नाही. करडा किंवा तपकिरी पाया घेतला तर पांढरा तुकडा हाही एक रंग होतो. पांढऱ्या पायावर तो हरवून जातो.

एकाच वेळी दोन पाये कापून ठेवा. एकावर अडलात तर दुसऱ्याकडे वळता येतं, आणि तुकड्यांची देवाणघेवाण करताना अनपेक्षित काहीतरी हाती लागतं.

## टप्पा ४ : गोंद ठरवा, पण झाकण लावून बाजूला ठेवा

ग्लू स्टिक. पातळ कागद, लहान तुकडे आणि लहान मुलांसाठी. पाणी कमी असल्याने कागद फुगत नाही. मात्र चकचकीत किंवा जाड कागदाच्या कडा काही दिवसांनी सुटू शकतात.

पांढरा पीव्हीए गोंद. सर्वांत उपयोगी. जाड कागदाला तसाच लावा. पातळ कागदासाठी तीन भाग गोंदात एक भाग पाणी पुरे. त्याहून पातळ केला तर सुरकुत्यांना आमंत्रण. हा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो, पण एकदा पक्का झाला की तुकडा शाबूत सुटत नाही.

खळ. मैदा एक भाग, पाणी पाच भाग. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन ती चकचकीत झाली की उतरवा आणि पूर्ण थंड करा. खळ हळू धरते, त्यामुळे तुकडा लावल्यावरही थोडा सरकवता येतो. मोठ्या, पातळ कागदांना मला तीच आवडते. ती टिकत नाही, दोन दिवसांत वास येऊ लागतो, म्हणून लागेल तेवढीच करा.

फेसाळ पातळ गोंद, सेलोटेप आणि स्टेपलर या कामात आणू नका. टेप पिवळी पडते आणि तिचा चिकटपणा कागदातून डागासारखा उमटतो.

आता झाकण घट्ट लावा आणि बाटली हाताला लागणार नाही अशी ठेवा. खरंच दुसऱ्या टेबलावर ठेवा.

## टप्पा ५ : चित्राचा विचार न करता तुकडे करा

वीस मिनिटं फक्त फाडायचं आणि कापायचं. पायाकडे बघायचंसुद्धा नाही. निदान तीस तुकडे करा. 'हा कुठे जाईल' हा प्रश्न इथे आला की हात आखडतो आणि सगळे तुकडे एकाच मापाचे, एकाच तऱ्हेचे निघतात.

हात मोकळा व्हायला मी पुढच्यापैकी एखादी अट लावून घेते:

- डोळे मिटून फाडायचं, कड कशी आली ते नंतर पाहायचं.
- ज्या हाताने लिहीत नाही त्या हातात कात्री धरायची.
- फासा टाकायचा. सम आला तर कापायचं, विषम आला तर फाडायचं. आकडा जितका मोठा तितका तुकडा मोठा.
- एका कागदाला एकच लांब, न थांबता वळणारा काप द्यायचा आणि दोन्ही बाजू ठेवायच्या. कापून उरलेली बाजू पुष्कळदा हव्या असलेल्या आकारापेक्षा सरस निघते.

कात्रीने वळण कापताना कात्री फिरवू नका, कागद फिरवा. हाताची कोपरं अंगाला टेकलेली राहू द्या. ब्लेडने सरळ काप घ्यायचा असेल तर लोखंडी पट्टी आणि खाली कापायची चटई हवी. जाड पुठ्ठा एका दमात कापू नका, हलक्या हाताने तीन-चारदा ब्लेड फिरवा. बोथट ब्लेड जास्त जोर मागतं आणि जोर लावला की निसटतं, म्हणून पातं वरचेवर बदला. मुलांच्या हाती ब्लेड द्यायचंच नाही.

फाडण्याविषयी एक गोष्ट जरूर करून पाहा. एका बाजूनेच छापलेला किंवा रंगवलेला कागद रंगीत बाजू वर ठेवून फाडला की दोनपैकी एका तुकड्याला पांढरी किनार मिळते, दुसऱ्याचा रंग कडेपर्यंत जातो. ओढण्याची दिशा बदलली की किनार दुसऱ्या तुकड्याकडे जाते. दोन्ही दिशांनी चार-पाच वेळा फाडा, म्हणजे हाताला कळेल. ही पांढरी किनार उजेडाच्या रेघेसारखी काम करते. दोन गडद तुकडे एकमेकांवर आले तरी त्यांना वेगळं दाखवते. मात्र सगळ्याच तुकड्यांना ती असली तर पान फाटक्या लोकरीसारखं दिसायला लागतं. म्हणून काही कडा कापलेल्या, काही फाडलेल्या अशा ठेवा.

तपासा : तुकडे मापाप्रमाणे तीन रांगांत मांडा. तळहाताएवढे, दोन बोटांएवढे, नखाएवढे. बहुतेकांची मधली रांग भरलेली आणि बाकी दोन रिकाम्या असतात. तसं असेल तर चार-पाच मोठे आणि दहा-बारा अगदी लहान तुकडे अजून करा. सगळे तुकडे मध्यम असले की कोलाज फरशीसारखं एकसुरी होतं.

## टप्पा ६ : टाका, सरकवा, काढा

खेळाचा गाभा हाच. इथे घाई केलीत तर आधीची सगळी तयारी वाया जाते.

सुरुवात योगायोगाने करा. सात-आठ तुकडे ओंजळीत घ्या आणि पायापासून हातभर उंचीवरून सोडा. जे पडेल ते पाहा. जर्मन-फ्रेंच कलाकार हान्स आर्पने १९१६-१७ च्या सुमारास कागदाचे तुकडे असे पडू देऊन कोलाजं केली. पण त्यातली काही इतकी नीटस दिसतात की त्याने नंतर तुकडे हलवले असावेत असं अभ्यासकांना वाटतं. मला ही गोष्ट फार कामाची वाटते. पहिली मांडणी योगायोगाची, पुढचे निर्णय तुमचे. पडलेलं तसंच ठेवायची सक्ती नाही, पण ते आपल्या डोक्यातल्या ठरलेल्या मांडणीपेक्षा वेगळं असतं एवढं नक्की.

मग सरकवा. एका वेळी एकच तुकडा हलवा आणि थांबून पाहा. दोन-तीन गोष्टी मुद्दाम करून बघा.

तुकडे पायाच्या कडेबाहेर जाऊ द्या. नवशिक्यांची कोलाजं पानाच्या मधोमध गोळा होतात, भोवती चहूकडे सारखी चौकट उरते आणि सगळं तरंगल्यासारखं वाटतं. एखादा मोठा तुकडा दोन बाजूंनी कडेबाहेर गेला की पान मोठं वाटतं, चित्र पुढेही चालू आहे असं वाटतं. बाहेर गेलेला भाग शेवटी कापता येतो.

तुकडे एकमेकांवर चढवा. नुसते शेजारी ठेवलेले तुकडे अनोळखी माणसांसारखे राहतात. वर-खाली आले की खोली तयार होते. अर्धपारदर्शक कागदाचा गठ्ठा इथे कामी येतो. भडक तुकड्यावर ट्रेसिंगचा एक थर टाकला की तो मागे सरकतो.

अगदी टेकलेल्या टोकांकडे लक्ष ठेवा. दोन तुकड्यांची टोकं नुसती स्पर्श करत असली की नजर तिथे अडकते. एकतर वर चढवा, नाहीतर स्पष्ट फट ठेवा.

मग काढा. ही पायरी सर्वांत अवघड जाते. मांडणी जमली असं वाटलं की त्यातला तुमचा सर्वांत लाडका तुकडा उचलून बाजूला ठेवा. पुष्कळदा त्या एका तुकड्यासाठी बाकी सगळे ओढाताण करत असतात आणि तो गेला की चित्र सैलावतं. बिघडलंच तर परत ठेवा. पानाचा निदान एक चतुर्थांश भाग शांत राहील असं बघा. 'इथे काहीच नाही' म्हणून तिथे तुकडा ठेवायचा मोह होतो. पण डोळ्याला टेकायला तीच जागा लागते.

पायाला चारही बाजूंनी फिरवा. तुकडे न हलवता टेबलाभोवती तुम्हीच फिरा, ते सोपं. एखाद्या बाजूने अचानक पक्षी, होडी किंवा माणसाचं तोंड दिसायला लागलं तर ते आत्ताच मोडा. एकदा दिसलं की पुढे पाहणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच दिसतं.

प्रत्येक वेगळ्या मांडणीचं मोबाइलवर छायाचित्र घ्या. सहा-सात मांडण्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मातीस रंगवलेले कापीव आकार आधी टाचण्यांनी लावत असे, कारण टाचणी काढून हलवता येते. टेबलावर करताना टाचणीही लागत नाही. फक्त पंखा बंद ठेवा.

> इशारा. रंग जुळतायत पण चित्र उठत नाहीये, असं झालं तर अडचण बहुधा उजेड-अंधाराची असते. मोबाइलमधलं छायाचित्र कृष्णधवल करून पाहा, किंवा डोळे अर्धवट मिटा. सगळं एकाच करड्या छटेत विरघळलं तर लाल, हिरवा, निळा बदलून उपयोग नाही. एक अगदी गडद आणि एक अगदी फिका तुकडा आणा.

दोघांनी खेळायचं असेल तर : एकाने एक तुकडा ठेवायचा, दुसऱ्याने एक ठेवायचा किंवा एक काढायचा. बोलायचं नाही. मुलांबरोबर हा खेळ फार रंगतो, फक्त मोठ्यांनी एक पथ्य पाळावं. मुलाने ठेवलेला तुकडा 'नीट' करायला जाऊ नका आणि 'हे काय काढलंस?' असं विचारू नका. त्या प्रश्नाने मूल लगेच घर नाहीतर गाडी करायला लागतं. 'हा इथे का ठेवलास?' हे विचारलं तर ते मनापासून सांगतं.

## टप्पा ७ : थांबा आणि नोंद करा

जमलेल्या मांडणीसमोरून उठा. शक्य असेल तर रात्रभर तशीच राहू द्या, वर एखादी काच किंवा पारदर्शक पत्रा ठेवून. निदान पंधरा मिनिटं तरी दुसऱ्या खोलीत जा. परत आल्यावर पहिल्या नजरेत जे खटकेल तेच हलवा.

मग दोन काटकोनी, इंग्रजी L च्या आकाराचे पुठ्ठे घ्या. ते समोरासमोर धरून लहान-मोठी चौकट होते. ती मांडणीवर फिरवा. संपूर्ण पानापेक्षा त्याचा एखादा भाग सरस आहे का, हे इथे कळतं.

आता नोंद. अगदी वरून, सरळ धरून एक शेवटचं छायाचित्र घ्या. मग सर्वांत वरच्या तुकड्यापासून एकेक उचला, मागे पेन्सिलीने आकडा घाला आणि वरची बाजू दाखवणारा लहान बाण काढा. मोठ्या तुकड्यांच्या दोन कोपऱ्यांच्या जागा पायावर पुसट ठिपक्यांनी खुणवा. शेवटचा आकडा सर्वांत खालच्या तुकड्याला मिळेल. चिकटवायची सुरुवात त्याच्यापासूनच करायची.

## टप्पा ८ : आता गोंद

टेबलावर तीन गोष्टी हव्यात. गोंद लावायला रद्दीची पानं, हात पुसायला ओली चिंधी आणि वरून दाबायला बटर पेपर. ब्रश सपाट, बोटभर रुंदीचा.

१. तुकडा रद्दीवर पालथा ठेवा. गोंद मधून बाहेरच्या दिशेला, कडेच्याही पलीकडे जाईल असा लावा. बाहेरून आत लावला की कडेखाली गोंद शिरतो आणि पुढची बाजू माखते. थर पातळ पण सगळीकडे सारखा हवा. कडा कोरड्या राहिल्या तर त्याच आधी सुटतात.

२. प्रत्येक तुकड्याला रद्दीचं नवं पान. कंटाळा येतो, पण चांगल्या कोलाजवरचे बरेचसे डाग जुन्या पानावरच्या ओल्या गोंदाचेच असतात.

३. पातळ कागद असेल तर गोंद लावून अर्धा ते एक मिनिट थांबा. कागदाला जेवढं फुगायचं तेवढं फुगू द्या. लगेच लावला तर तो पायावर पडल्यानंतर फुगतो आणि सुरकुत्या तिथेच कोंडल्या जातात. ग्लू स्टिक वापरत असाल तर थांबायची गरज नाही.

४. खुणांशी एक कड जुळवा, ती टेकवा आणि बाकीचा तुकडा हळूहळू खाली सोडा, हवा पुढे ढकलत. सगळा एकदम टाकू नका.

५. वर बटर पेपर ठेवून मधून कडांकडे हाताने चोळा. बटर पेपरशिवाय थेट चोळलं तर ओला कागद फाटतो आणि छपाईला चमकदार ओरखडे येतात. कडेतून बाहेर आलेला गोंद ओल्या चिंधीने टिपा, घासू नका.

मांडणी फार गुंतागुंतीची असेल आणि उचलून पुन्हा जुळेल असं वाटत नसेल, तर दुसरी रीत आहे. मांडणीच्या अर्ध्या भागावर जड पुस्तक ठेवा. उघड्या अर्ध्यातले तुकडे एकेक मागे वळवून गोंद लावा आणि परत खाली सोडा. तो भाग धरला की पुस्तक त्यावर बटर पेपर घालून ठेवा आणि उरलेला अर्धा करा. वेळ लागतो, पण एकही तुकडा जागचा हलत नाही.

> इशारा. चिकटवताना नवीन कल्पना सुचतात. एखादा तुकडा जरा तिरका लागला तर पुढचे त्याला धरून लावा, तेवढी मुभा आहे. पण इथे नवा कागद शोधायला उठू नका. गोंद वाळतो, हात माखतात आणि घाईत लावलेला तो तुकडा शेवटपर्यंत डोळ्यात सलतो.

## टप्पा ९ : वजनाखाली वाळवा

ओल्या कागदाने पुढची बाजू वाळताना आक्रसते आणि पाया पुढच्या अंगाला, वाटीसारखा वळतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मागच्या बाजूलाही, तशाच जाडीचा एक पूर्ण कागद त्याच गोंदाने आणि त्याच वेळी चिकटवायचा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की पाया सपाट राहतो. पुठ्ठ्यावर मोठे तुकडे लावले असतील तर हे कराच.

दुसरा उपाय वजनाचा, तो सगळ्यांसाठी. खाली कोरे टीपकागद, त्यावर कोलाज, वर बटर पेपर, मग पुन्हा टीपकागद, सपाट फळी आणि जड पुस्तकं. तासाभराने ओले झालेले टीपकागद बदला. न बदलल्यास ओल आतच कोंडते आणि बुरशी धरू शकते. नंतर १२ ते २४ तास हात लावू नका. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर कागद असमान आक्रसतो.

तपासा : बाहेर काढल्यावर गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे, परत ठेवा.

## टप्पा १० : डागडुजी आणि कडा

फुगा राहिला असेल तर टोकदार ब्लेडने त्यावर एक छोटी चीर द्या. काडीच्या टोकाने किंचित गोंद आत सरकवा, बटर पेपर ठेवून दाबा आणि पुन्हा वजनाखाली ठेवा. सुटलेल्या कडेला तीच काडी, तोच गोंद. सुरकुती ओली करून सरळ करायला जाऊ नका, छपाई निघते. तिच्यावर एक अरुंद पट्टी छान बसते.

कडेबाहेर गेलेले भाग आता कापा. कोलाज पालथं ठेवा, पट्टी पायाच्या कडेला लावा आणि मागून ब्लेड फिरवा. पुढून कापलं तर वरचे थर सरकतात.

वर रेघा, ठिपके, शिक्के उमटवायचे असतील तर आत्ताच, पण आधी ट्रेसिंग पेपरवर करून कोलाजवर ठेवून बघा. दहातली आठ कोलाजं या पायरीशिवायच बरी असतात. चौकटीत लावायचं असेल तर काच कागदाला चिकटणार नाही इतकी फट हवी, आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा.

जे जमलं नाही ते फेकू नका. ते शांत किंवा पोताच्या गठ्ठ्यात जाऊ द्या आणि पुढच्या वेळी फाडा. ली क्रॅस्नर या अमेरिकन चित्रकर्तीने १९५० च्या दशकात स्वतःचीच नापसंत रेखाटनं फाडून त्या तुकड्यांतून कोलाजं केली. चिकटवलेल्या थरांचा कागद जाड असतो, फाडला की कडेला दोन-तीन रंग एकदम उघडे पडतात. अशी कड नव्या कागदाला येत नाही, म्हणून माझ्या गठ्ठ्यात पहिला हात त्याच तुकड्यांकडे जातो.